सहा फुटी टँक, एक सकर: प्रकल्प नोंदी

काम: ३७ सेमीच्या सकर माशासाठी (तोंडाने काचेला चिकटणारा, अंगावर हाडांची कवचं असलेला कॅटफिश) १८० × ६० × ६० सेमीचा टँक उभा करणे. जागा: पुणे, तळमजला. मोठा झालेला सकर घरात आहे आणि पुढे काय करायचं कळत नाही, अशांना उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहीत आहे.

४ नोव्हेंबर २०२३

मासा ताब्यात आला. आधीचा टँक दोन फुटी: ६० × ३० × ३८ सेमी, म्हणजे ६८ लिटर. माशाची लांबी ३७ सेमी आणि टँकची रुंदी ३०, त्यामुळे वळायचं तर अंग मुडपूनच वळावं लागत होतं. शेपटीच्या वरच्या टोकाची झालर काचेला घासून झिजली आहे. आधीच्या मालकांनी पाच सेंटीमीटरचं पिल्लू ४० रुपयांना 'काच साफ करणारा' म्हणून घेतलं होतं.

त्यांना तो नदीत सोडायचा होता, ते थांबवलं. पुण्यात मुळा-मुठेत काही सोडलं की ते भीमेत जातं आणि भीमेवर पुढे उजनी आहे. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात सकर आधीच येऊ लागले आहेत. याला बाजारात भाव नाही. अंगावरच्या काट्यांनी तो जाळ्यात असा गुरफटतो की जाळं कापल्याशिवाय सुटत नाही. शिवाय विणीसाठी नर काठाच्या मातीत खोल बिळं करतात आणि काठ ढासळतात. त्यामुळे नदी, तलाव, विहीर, गणपतीचा हौद हे पर्याय पहिल्या दिवसापासून बाद.

हलवताना पहिली चूक झाली: जाळीने पकडला. छातीच्या परांचे जाड काटे आणि गालांवरचे बारीक काटे जाळीत अडकले. अशा वेळी ओढायचं नाही. मासा पाण्यातच ठेवून कात्रीने जाळी कापली, त्यात वीस मिनिटं गेली. यापुढे पद्धत एकच: झाकणाचा प्लास्टिकचा क्रेट पाण्यात बुडवायचा, माशाला हाताने हळू आत वळवायचं आणि पाण्यासकट उचलायचं. ओल्या जाड टॉवेलनेही जमतं. पिशवीत मात्र नेऊ नये, काट्याने भोक पडतं.

तात्पुरती सोय म्हणून ३०० लिटरची प्लास्टिकची पाण्याची टाकी घेतली. दोन मोठे स्पंज फिल्टर लावले, त्यातला एक जुन्याच टँकमधला. झाकणावर वीट ठेवली आहे. नव्या जागी पहिले काही दिवस सकर उडी मारतो.

५ नोव्हेंबर

ओळख पटवली. टँकचं माप यावरच ठरणार होतं.

दुकानात 'सकर' या एकाच नावाखाली निदान चार वेगळे मासे विकले जातात. 'गोल्डन सकर' म्हणतात तो जायरिनोकायलस. तो कॅटफिशच नाही, त्याच्या अंगावर हाडांची कवचं नसतात. ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस. तो १२ ते १५ सेमीवर थांबतो, नराच्या नाकाडावर मिशांसारखे मऊ फाटे येतात, आणि घरच्या तीन फुटी टँकला तोच योग्य. हायपोस्टोमस पुस्तकांत फार भेटतो, दुकानात क्वचित. उरलेले जवळजवळ सगळे टेरिगोप्लिक्थिस, म्हणजे मोठे होणारे.

फरक पाठीवरच्या परात आहे. पुढचा जाड काटा सोडून मागच्या काड्या मोजायच्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. हायपोस्टोमस आणि अँसिस्ट्रसमध्ये ७. टेरिगोप्लिक्थिसमध्ये ९ ते १४, बहुतेक वेळा १० किंवा जास्त.

काल टाकीत वरून बघून ८ मोजल्या होत्या, ते चूक होतं. पर मिटलेला असला की मागच्या काड्या एकमेकींखाली दडतात. आज पारदर्शक डब्यात घेऊन, पर पूर्ण उघडल्यावर बाजूने फोटो काढले आणि फोटोवर मोजलं. काटा अधिक १२, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. पर मिटल्यावर त्याचं टोक जवळजवळ मागच्या छोट्या परापर्यंत पोचतं, ही दुसरी खूण. दुकानात मोजू देत नसतील तर निदान हे तरी बघावं: पर उघडल्यावर शिडासारखा उंच आणि लांब बुडाचा दिसतो का.

पुढची पायरी पोट. डबा डोक्यावर धरून खालून फोटो घेतला. पोटावर सुटे गडद ठिपके असतील तर पारडॅलिस ही जात. ठिपके एकमेकांत मिसळून अळ्यांसारख्या वळणदार रेषा झाल्या असतील तर डिसजंक्टिव्हस. या माशाच्या छातीखाली ठिपके सुटे आहेत, मागे मात्र ते जोडले गेले आहेत. बाहेरच्या देशांत पसरलेल्या आणि शेततळ्यांत वाढवलेल्या माशांत असे मधले नमुने भरपूर सापडतात. म्हणून नोंदीत नाव 'पारडॅलिस/डिसजंक्टिव्हस' एवढंच. ओढूनताणून एक नाव चिकटवण्यात अर्थ नाही, दोघांची गरज सारखीच आहे.

टेरिगोप्लिक्थिसचीच आणखी एक जात, गिबिसेप्स, ही नाही हे नक्की. त्याच्या डोक्यामागे उंच कंगोरा असतो आणि अंगावर बिबट्यासारखे मोठे ठिपके.

मोजमाप: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत २९ सेमी, टोकापर्यंत ३७. वजन ४१० ग्रॅम. पोट किंचित आत गेलेलं, डोळे मात्र खोल गेलेले नाहीत. खोल डोळे आणि खपाटीला गेलेलं पोट एकत्र दिसलं तर मासा बराच काळ उपाशी आहे असं धरावं. आधी त्याला फक्त काचेवरचं शेवाळ आणि इतर माशांचं उरलंसुरलं मिळत होतं. एवढ्या अंगाला ते पुरत नाही.

७ नोव्हेंबर

मापाचा निर्णय. लांबीपेक्षा रुंदी महत्त्वाची: माशाच्या दीडपट तरी हवी, म्हणजे तो न मुडपता वळतो. म्हणून रुंदी ६० सेमी. चार फुटी घेऊन बघू, हा मोह टाळला. हा मासा ४० च्या पुढे जाऊ शकतो आणि मग वर्षभरात पुन्हा हेच काम निघालं असतं.

वजनाचा हिशोब: १२ मिमी काच पट्ट्यांसकट १२५ किलो, मुख्य टँकमधलं पाणी ५४०, सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) आणि त्यातलं पाणी १२५, स्टँड ६५, वाळू ४०, लाकूड १५. एकूण सुमारे ९१० किलो, तेही १.०८ चौरस मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला ८४० किलो. घराच्या स्लॅबचा हिशोब आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराच्या भाराचा असतो. तो भार पूर्ण खोलीभर पसरलेला धरतात हे खरं, तरी वरच्या मजल्यावर असा टँक भिंतीलगतच यावा, तोही स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवून. इथे तळमजला आहे, खाली भरावावरची फरशी. म्हणूनच ही जागा.

१८ नोव्हेंबर

स्टँड आला. दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप, २ मिमी जाडीचा, सहा पाय. वेल्डिंगच्या गाठी वरच्या बाजूला तशाच राहिल्या होत्या. एका गाठीची उंची ३ मिमी आणि काच नेमकी तिच्यावर बसली असती. ग्राइंडरने घासून घेतल्या, वर १२ मिमी मरीन प्लाय आणि त्यावर १० मिमी थर्माकोल.

२ डिसेंबर

टँक बसवला. भोकं काच जोडण्याआधीच पाडून घेतली. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते, म्हणून साधी १२ मिमी घेतली. सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारं, बुरशीनाशक नसलेलं. बाथरूमसाठी मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना घातक आहे. ट्यूबवर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नये. सुकायला पूर्ण सात दिवस दिले.

१० डिसेंबर

पाण्याची पहिली चाचणी. अर्धा टँक भरल्यावर दिसलं की डावीकडे पाण्याची रेघ ४ मिमी वर आहे. स्टँड रिकामा असताना लेव्हल तपासली होती, पण फरशीच्या सांध्यावर आलेला एक पाय वजन आल्यावर बसला. भरलेल्या टँकखाली पाचर ठोकायची नाही. काच पिळते आणि सांधा सुटतो. सगळं पाणी काढलं, त्या पायाखाली लोखंडी पट्टी दिली, पुन्हा भरलं. एक दिवस गेला. पाणी झाडांना घातलं.

शिकण्यासारखं एवढंच: लेव्हल रिकाम्यावर, मग चतुर्थांश भरून, मग अर्ध्यावर, अशी तीनदा बघावी.

१६ डिसेंबर

सम्प आणि नळजोडणी. सम्प १२० × ३८ × ३८ सेमी. क्रम: वर बदलता येणारी कापडी गाळणी, मग जाड स्पंज, मग सिरॅमिक रिंग ८ किलो, शेवटी पंप. पंपावर तासाला ४००० लिटर छापलं आहे. १.४ मीटर वर चढवल्यावर २० लिटरची बादली ३१ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला २३०० लिटर. पंप घेताना छापील आकड्याचं साधारण निम्मं धरावं.

पाणी खाली उतरायला एकच दीड इंची पाइप ठेवला होता. सल्ला देणाऱ्यांनी दोन सांगितले होते, जागा वाचवायला एकच केला. याची किंमत पुढे आली.

१७ डिसेंबर

मुद्दाम वीज बंद करून पाहिली. पंप थांबला आणि वर चढणाऱ्या पाइपमधूनच पाणी उलटं सम्पमध्ये येऊ लागलं. पाइपचं तोंड पाण्याखाली ८ सेमी होतं. या टँकमध्ये १ सेमी म्हणजे सुमारे १० लिटर, म्हणजे ८० लिटर खाली आलं. सम्पमध्ये रिकामी जागा ५० लिटरची. उरलेलं ३० लिटर फरशीवर.

दुरुस्ती: वर जाणाऱ्या पाइपला पाण्याच्या रेघेखाली १ सेमीवर ६ मिमीचं भोक. पातळी तिथवर उतरली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. दर पंधरा दिवसांनी काडीने साफ करावं लागतं, शेवाळाने बुजतं. एकमार्गी व्हॉल्व्हवर विसंबलो नाही, त्यात कचरा अडकला की तो पूर्ण मिटत नाही. ही चाचणी मासा सोडण्याआधीच करावी. वीज जाणार हे धरूनच चालायचं.

१९ डिसेंबर

वाळू ४० किलो, थर अडीच सेमी. ओंजळभर वाळूवर व्हिनेगर टाकून पाहिलं, फेस आला नाही. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, पाणी जड होतं. धारदार खडी नको. हा मासा पोटावर बसतो आणि ओठांनी तळ खरवडतो.

लाकडाची दोन खोडं, एकूण १५ किलो. पाण्यात ती तरंगली, म्हणून दगड ठेवून दोन आठवडे वेगळ्या टबात बुडवली. पाणी चहासारखं होतं, ते बदलत राहायचं. लाकूड हे या माशाचं मुख्य अन्न नाही. तो ते खरवडतो आणि भुसा तसाच विष्ठेतून बाहेर पडतो. पण खरवडायला आणि दिवसा दडून बसायला ते हवंच.

२२ डिसेंबर

टँकचं चक्र सुरू केलं, म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढवणं. अमोनियासाठी नवसागर वापरला. आधी बाजारातून कल्हईचा नवसागर आणला होता. त्याचा रंग करडा आणि तळाशी गाळ, त्यामुळे तो टाकून दिला. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड मागवलं, ५०० ग्रॅम पुष्कळ होतं. एकूण ६२० लिटर पाण्याला ४ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) येतो. जुना स्पंज टाकीतून काढून सम्पमध्ये ठेवला आणि टाकीला दुसरा दिला.

४ जानेवारी २०२४

तेरा दिवसांत अमोनिया २ वरून फक्त १.५. पाण्याचं तापमान पाहिलं: पहाटे २० अंश. जिवाणू थंडीत सुस्त असतात. हीटर मासा आल्यावर लावायचा असं ठरवलं होतं, ती चूक. ३०० वॅटचे दोन लावून २८ वर ठेवलं.

२० जानेवारी

अमोनिया दोन दिवसांत शून्य होतो, पण नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात ते, तेही माशांना घातक) इतकं चढलं की पट्टीचा रंग मोजमापाच्या बाहेर. अर्धं पाणी बदललं. नवसागर तीन दिवसांनी एकदाच, अर्धा डोस. इथे घाईने रोज टाकत राहिलं की नायट्राइटच अडून बसतं.

६ फेब्रुवारी

४ ग्रॅम टाकून २४ तासांनी तपासलं: अमोनिया ०, नायट्राइट ०. असं सलग तीनदा झालं. थंडीमुळे आणि उशिरा लावलेल्या हीटरमुळे दोन आठवडे वाया गेले. ७० टक्के पाणी बदलून नायट्रेट (नायट्राइटचं पुढचं रूप) खाली आणलं, तापमान २६.

८ फेब्रुवारी

मासा सोडला. क्रेटमध्ये दर दहा मिनिटांनी एक तांब्या नवं पाणी, असं दीड तास. दिवे बंद. रात्री साडेदहाला तो लाकडाखालून बाहेर आला आणि पूर्ण लांबीभर सरळ पोहत गेला. वळताना अंग मुडपावं लागलं नाही. एवढ्यासाठीच हे तीन महिने होते.

१२ फेब्रुवारी

गंभीर चूक. लपायला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप ठेवला होता, एका टोकाला टोपी लावून, म्हणजे गुहेसारखा अंधार राहील. मासा आत शिरला आणि मागे येता येईना. छातीचे काटे बाहेर पसरून कुलूप लागल्यासारखे अडकतात आणि त्यांचा रोख मागे असतो. त्यामुळे मागे ओढलं की ते आणखी रुततात. शेपटी धरून ओढायचा मोह याच वेळी होतो आणि तेच करायचं नाही. पाइप माशासकट क्रेटमध्ये घेतला, पाण्याखालीच टोपी सैल करून काढली. तो पुढच्या दिशेने स्वतः निघाला. डाव्या काट्याच्या मुळाशी खरचटलं, दहा दिवसांत भरलं. औषध काही दिलं नाही, पाणी स्वच्छ ठेवलं. तांबं असलेली औषधं कॅटफिशना सोसत नाहीत.

आता १६० मिमीचा पाइप, ६० सेमी लांब, दोन्ही टोकं उघडी. खालचा तिसरा भाग हॅकसॉने उभा कापून काढला, म्हणजे तो वाळूवर बोगद्यासारखा बसतो. कडा सॅंडपेपरने गोल केल्या.

२५ फेब्रुवारी

हीटर. दोनपैकी एक मुख्य टँकमध्ये होता. मासा त्याच्या आणि काचेच्या मध्ये अंग खुपसून बसू लागला, रबरी चकत्या सुटल्या आणि हीटर वाळूवर आडवा पडला. काच फुटली नाही. दोन्ही हीटर सम्पमध्ये हलवले. मोठ्या सकरच्या टँकमध्ये काचेची कुठलीही वस्तू नसावी, आणि असलीच तर प्लास्टिकच्या जाळीत. सम्पमध्ये धोका वेगळा: पाणी बदलताना पातळी उतरते आणि हीटर कोरडा तापतो. म्हणून आधी हीटरचं बटण बंद, दहा मिनिटं थांबायचं, मगच पाणी काढायचं. स्विचबोर्डवर हे चिकटवून ठेवलं आहे.

३ मार्च

पूर आला. रात्री दुधीचं साल सुटून खाली जाणाऱ्या एकुलत्या पाइपच्या तोंडावर बसलं. वरून पाणी येत राहिलं आणि टँक कडेवरून वाहिला. पंपाच्या खणातलं पाणी संपेपर्यंत सुमारे २५ लिटर बाहेर गेलं. प्लायची एक कड फुगली.

मागच्या काचेला नवं भोक पाडण्याऐवजी कडेवरून जाणारा ओव्हरफ्लो लावावा असं वाटत होतं, पण तो हवा शिरली की बंद पडतो. मासा टाकीत हलवून टँक निम्मा रिकामा केला, काचवाल्याकडून डायमंड बिटने दुसरं भोक पाडून घेतलं. दुसरा पाइप पहिल्यापेक्षा २ सेमी उंच, नेहमी कोरडा. त्यातून पाणी पडण्याचा आवाज आला की पहिला तुंबला असं समजायचं. पहिल्याच्या तोंडावर जाळीची टोपी. खर्च १,८०० रुपये आणि दोन दिवस. आधी केलं असतं तर १५० रुपयांचा पाइप.

१७ मार्च

खाण्याचं वेळापत्रक बसलं. रोज रात्री दिवे बंद झाल्यावर तळाशी बसणाऱ्या, शेवाळयुक्त गोळ्या ८ ग्रॅम. आठवड्यातून चार दिवस भाजी: दुधी, दोडका, घोसाळं, काकडी, लाल भोपळा. दुधी आणि भोपळा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून गार करायचा, काकडी कच्ची चालते. साल काढायचं (३ मार्च पाहा). स्टीलच्या काट्याला टोचलं की तळाशी राहतं. सकाळी उरलेलं बाहेर. बारा तासांपेक्षा जास्त ठेवलं की पाणी गढुळतं. आठवड्यातून एकदा सोललेली कोळंबी, दोन नग.

'सकर इतर माशांची विष्ठा खातो' हा समज अजून दुकानांतून दिला जातो. तो विष्ठा खात नाही, करतो मात्र प्रचंड. या टँकमधलं सगळं काम त्याभोवतीच फिरतं.

३० मार्च

नायट्रेटची नोंद. दर रविवारी २५ टक्के पाणी बदलत होतो. बदलण्याआधीचे आकडे सहा आठवड्यांत १५ वरून ५० पीपीएमच्या पुढे गेले. हिशोब सोपा आहे: आठवड्याला साधारण १४ ची भर पडते आणि पाव पाणी काढलं की पावच नायट्रेट जातं. त्यामुळे आकडा तोपर्यंत चढतो, जोवर त्याचा पाव भाग १४ होत नाही. आता ४० टक्के, म्हणजे दर आठवड्याला सुमारे २५० लिटर. याने तो ३५ च्या आसपास थांबायला हवा. चाळीस टक्के म्हणजे बादल्यांनी होणारं काम नाही. बागेचा पाइप आणि एक छोटा बुडवायचा पंप घेतला, काम ४० मिनिटांवर आलं.

क्लोरीनसाठी हायपो, म्हणजे दुकानात 'अँटी-क्लोरीन' म्हणून मिळणारे खडे. क्लोरीन १ पीपीएम असेल तर लिटरला ७ मिलिग्रॅम लागतं. २५० लिटरला पावणेदोन ग्रॅम, आम्ही अडीच टाकतो. अंदाजाने चिमूट टाकण्याऐवजी १,२०० रुपयांचा छोटा वजनकाटा घ्यावा.

२१ एप्रिल

पाणी ३१.५ अंश. अर्ध्या तासात मासा नऊ वेळा वर येऊन हवा गिळून गेला. फेब्रुवारीत एखाद्या वेळी येत असे. या जातीला जठरातून हवेतला प्राणवायू घेता येतो, म्हणून तो गुदमरून लगेच मरत नाही. पण वारंवार वर येणं म्हणजे पाण्यात प्राणवायू कमी आहे. २५ अंशांना पाण्यात लिटरला ८ मिलिग्रॅमहून थोडा जास्त मावतो, ३२ ला ७ च्या जरा वर. त्यात जिवाणूही जास्त ओढतात. रात्रीचं खाणं ८ वरून ५ ग्रॅम केलं. सम्पवर दोन छोटे पंखे लावले. वर येणाऱ्या पाइपचं तोंड पृष्ठभागाला समांतर वळवलं. दुसऱ्या दिवशी २९ अंश, अर्ध्या तासात दोन वेळा. पंख्यांमुळे रोज ६ ते ८ लिटर पाणी उडतं, ते भरावं लागतं.

बर्फाची बाटली टाकून पाहिली होती. ६२० लिटरला दोन लिटर बर्फाने अर्धाही अंश उतरला नाही. त्यात वेळ घालवू नये.

वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवापंप सम्पमध्ये नाही, मुख्य टँकमध्ये ठेवावा. पंप बंद असताना सम्पमधलं पाणी वर जात नाही.

१२ मे

सोबतीला कोण, असं तीन जणांनी विचारलं. गोल्डफिश नको, डिस्कसही नको. मोठा सकर रात्री त्यांच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर खरवडतो आणि जखमा होतात. भूक भागत नसेल तर हे जास्त होतं. दुसरा मोठा सकरही नको, गुहेवरून भांडतात. आत्ता एकटाच ठेवला आहे आणि तसाच राहील. मुळं असलेली झाडं त्याने पहिल्या आठवड्यात उपटली, आता लाकडाला बांधलेलं जावा फर्न तेवढं टिकलं आहे.

२ जून

मोजणी. टोकापर्यंत ३८.५ सेमी, वजन ४९० ग्रॅम. पोट सपाट, शेपटीची झालर भरून आली. पाणी बदलण्याआधी नायट्रेट ३८.

खर्च: टँक २४,५००, सम्प ३,८००, स्टँड १०,२००, प्लाय व थर्माकोल २,१५०, पंप ४,६००, नळजोडणी १,९००, फिल्टरचं सामान २,७००, हीटर व जाळ्या २,९००, बॅटरीचा हवापंप १,४५०, वाळू ९००, लाकूड ३,२००, चाचणी किट ३,४००, झाकणाचा पॉलिकार्बोनेट १,६००. एकूण ६३,३००. यात पुराची दुरुस्ती, वजनकाटा, तात्पुरती टाकी धरलेली नाही. पिल्लू ४० रुपयांचं होतं, हे दोन आकडे दुकानात शेजारी शेजारी लिहिलेले असायला हवेत. लहान टँकला शेवाळ खाणारा हवा असेल तर ब्रिसलनोज घ्यावा, काड्या मोजून.

२३ जून

पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ होतं आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात. आज पाणी बदलण्याआधी क्लोरीन मोजायची ओटी टेस्ट केली, गावोगावी जलसुरक्षक करतात तीच: नळीत पाणी, दोन-चार थेंब, पिवळा रंग. रंग मेमधल्यापेक्षा गडद, पट्टीवर २ च्या जवळ. नेहमीचे अडीच ग्रॅम टाकले असते तर कमी पडले असते. २ पीपीएमला साडेतीन लागतं, पाच टाकलं. नवं पाणी टबात पंधरा मिनिटं फिरवून पुन्हा तपासलं, रंग आला नाही, मग भरलं. सप्टेंबर संपेपर्यंत दर रविवारी आधी ओटी, मग पाइप.